रेडिएटर कव्हर भिंतीला बसवताना: स्क्रू दिसू नयेत आणि कव्हर सहज निघावं. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे रेडिएटर म्हणजे गाडीतला नव्हे. खोली उबदार ठेवणारा, भिंतीला टांगलेला, ज्याच्या पोटात गरम पाणी फिरतं तो. त्याच्यावर लाकडाची किंवा एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची), मागे पाठ नसलेली पेटी बसवायची, ती भिंतीला घट्ट राहिली पाहिजे, बाहेरून एकही स्क्रू दिसता कामा नये आणि हवी तेव्हा ती काढताही आली पाहिजे. या चार अटी एकमेकींच्या पायात पाय घालतात, म्हणून प्रश्न येत राहतात.

कव्हर निघालंच पाहिजे असा आग्रह का? एकदा पक्कं बसवून मोकळं झालं तर काय बिघडतं?

पहिला हिवाळा काही बिघडत नाही. दुसऱ्या हिवाळ्यात रेडिएटर खालून गरम आणि वरून गार लागायला लागतो. म्हणजे आत हवा अडकली आहे. ती सोडायचा छोटा व्हॉल्व्ह रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात असतो, आणि तिथे चावी लावायला हात पोचावा लागतो. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह कधी ना कधी गळतात, आणि गळतीचा पहिला थेंब कव्हरच्या आत पडला तर फरशी फुगेपर्यंत कळत नाही. शिवाय धूळ. रेडिएटरच्या पन्हळी पत्र्यांमध्ये ती जमून गादी होते आणि हवेची वाट बुजवते.

माझी कसोटी साधी आहे: एका माणसाने, हत्यार न घेता, एका मिनिटात कव्हर काढून बाजूला ठेवलं पाहिजे. स्क्रू ड्रायव्हर शोधावा लागला की ते काम ‘पुढच्या रविवारी’ वर जातं, आणि तो रविवार येत नाही.

सुरुवात कुठून करू? जोडणीचा प्रकार निवडण्यापासून?

नाही. आधी हे ठरवा की कव्हरचं वजन कोण पेलणार, जमीन की भिंत. हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही आणि निम्मे घोटाळे इथेच होतात.

१८ मिमी जाडीचं एमडीएफ एका चौरस मीटरला साधारण १३ किलो भरतं. १२०० मिमी रुंद, ८५० मिमी उंच आणि २०० मिमी खोल असं मध्यम कव्हर घेतलं, तर पुढच्या जाळीची जागा वजा जाऊनही ते चौदा-पंधरा किलोंचं होतं. हे वजन जमिनीवर उभं असेल तर भिंतीने फक्त त्याला पुढे कलंडू द्यायचं नाही. टांगलेलं असेल तर प्रत्येक स्क्रूवर ते चोवीस तास लोंबतं.

दोन्ही एकदम करू नका. फरशी एका टोकाला दोन-तीन मिलिमीटर खाली असतेच. मग एक पाय अधांतरी राहतो, दुसरा टेकतो, टांगणीची पट्टी एका बाजूने उचलली जाते आणि शेजारून चालताना कव्हर कुरकुरतं. टांगायचं तर खाली स्पष्ट फट ठेवा. उभं करायचं तर भिंतीवरच्या जोडणीत वर-खाली थोडी ढिलाई ठेवा.

माझा कल उभं करण्याकडे आहे. भिंत कशीही असली तरी चालतं, आणि कव्हर काढताना उचलावं लागत नाही, नुसतं पुढे ओढावं लागतं.

उभ्या कव्हरला भिंत कशी धरते? स्क्रू कुठे लपतात?

कव्हरच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांच्या आत, भिंतीला स्क्रूने ठोकलेल्या उभ्या पट्ट्या असतात. कव्हर त्यांच्यावर टोपीसारखं सरकतं. पट्ट्या आत, स्क्रू पट्ट्यांत, बाहेरून काहीच नाही. सगळ्या छुप्या जोडण्यांत चुका पोटात घालणारी हीच, म्हणून नवशिक्याला मी हीच सांगतो.

पट्टी ४० मिमी रुंद आणि २५ मिमी जाड पुरते. कव्हरच्या आतली रुंदी मोजा आणि त्यातून ३ मिमी वजा करा. दोन्ही पट्ट्यांच्या बाहेरच्या कडांमध्ये एवढं अंतर हवं. म्हणजे दोन्हीकडे दीड-दीड मिलिमीटर मोकळीक राहते. अजिबात मोकळीक ठेवली नाही तर रंगाचा थर चढल्यावर कव्हर अडकतं. पाच-सहा मिलिमीटर ठेवलीत तर ते हलतं. पट्ट्या ओळंब्यात हव्यात. भिंतीच्या कोपऱ्यावरून नजरेने लावू नका, कोपरे सरळ नसतात.

आता पट्टीच्या पुढच्या तोंडासमोर येईल असा एक लाकडी ठोकळा कव्हरच्या बाजूच्या फळीला आतून चिकटवा. त्यात खोलगट भोकाचं, स्क्रूने बसणारं चुंबक लावा आणि समोर पट्टीवर लोखंडी वॉशर. कव्हर ढकललं की शेवटच्या टप्प्यात ‘टक्’ असा आवाज येतो आणि ते भिंतीला लागतं. हा आवाज आला नाही तर समजा ठोकळा दोन मिलिमीटर मागेपुढे झालाय. ठोकळा आधी नुसत्या एका स्क्रूवर धरा, जुळवून पाहा, मगच गोंद लावा.

चुंबकं चार लावा, पण जोर वरच्या दोघांवर द्या. खालची दोन फक्त कव्हर आडवं सरकू नये म्हणून.

चुंबक गरमीने कमजोर होतं म्हणतात. खरं का?

खरं आहे, पण भीती जरा वाढवून सांगितली जाते. साध्या प्रतीचं निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सियसपर्यंत चालवायचं असतं. त्यापलीकडे त्याची ताकद कायमची घटू शकते. रेडिएटरचा पृष्ठभाग जुन्या पद्धतीच्या बॉयलरवर ७० अंशांच्या आसपास जातो, पण कव्हरच्या बाजूच्या फळीला लावलेला ठोकळा तेवढा तापत नाही. रेडिएटरच्या थेट वर, गरम हवेच्या झोतात चुंबक ठेवू नका म्हणजे झालं. तिथेच लावायचं असेल तर काळं फेराइट चुंबक घ्या. ते उष्णता आरामात सोसतं, ओढ मात्र कमी, म्हणून आकाराने मोठं लागतं.

खरा शत्रू गोंद आहे. माझ्या पहिल्या कव्हरची चुंबकं मी गरम गोंदाच्या बंदुकीने चिकटवली होती. उन्हाळ्यात बसवलं, छान बसलं. थंडी पडली, रेडिएटर पेटला, आणि एका रात्री धाडकन आवाज आला. सकाळी पाहिलं तर चारही चुंबकं वॉशरना इमानदारीने चिकटून पट्टीवर, आणि कव्हर तोंडावर पालथं. बंदुकीचा गोंद वितळूनच लागतो, तो उष्णतेने परत मऊ होणार हे तेव्हा सुचलं नाही. म्हणून चुंबक स्क्रूनेच बसवा.

आणखी एक. पाकिटावर लिहिलेली ओढण्याची ताकद ही चुंबक सरळ ओढलं तर आणि समोर जाड लोखंड असेल तर. पातळ वॉशरवर ती कमी भरते, आणि घसरण्याच्या दिशेने तर बरीच कमी. त्यामुळे कव्हरचं वजन चुंबकांवर टांगायचा विचार सोडून द्या.

तिरक्या कापाची जोडपट्टी वापरली तर? कपाटं तशीच टांगतात ना?

हो, आणि टांगायचंच असेल तर याहून चांगलं काही नाही. एक फळी ४५ अंशांत लांबीला कापायची. एक अर्धी भिंतीला, दुसरी कव्हरच्या वरच्या फळीखाली मागच्या कडेला. भिंतीवरच्या पट्टीचा उतार भिंतीकडे हवा, म्हणजे पट्टी आणि भिंत यांच्यात खोबण तयार होते आणि कव्हरची पट्टी तिच्यात उतरते. वजन जितकं जास्त तितकं कव्हर भिंतीकडे ओढलं जातं, ही यातली गंमत. उलटी लावली तर कव्हर घसरून हातात येतं. हे वाचताना हास्यास्पद वाटतं, पण पट्टी हातात धरून भिंतीसमोर उभं राहिलं की भले भले गोंधळतात. कापलेल्या तुकड्यांवर पेन्सिलने ‘भिंत’ आणि ‘वर’ लिहून ठेवा.

रेडिएटरच्या अख्ख्या रुंदीभर पट्टी लावू नका. रेडिएटर आणि भिंत यांच्यामधून गरम हवा वर चढते आणि पट्टी नेमकी तिच्या वाटेत येते. रेडिएटरच्या दोन्ही टोकांच्या पलीकडे, व्हॉल्व्हच्या वरच्या मोकळ्या जागेत, शंभर-सव्वाशे मिलिमीटरचे दोन तुकडे पुरतात. फक्त दोन्ही एका पातळीत हवेत. त्यांच्यावर लांब सरळ फळी ठेवून पाणसळीने तपासा.

वर खिडकीची ओटी आहे. तरी जमेल?

बघा, इथेच मी एकदा पुरता फसलो. सगळं मापात केलं, जोडपट्टी लावली, कव्हर रंगवलं, आणि बसवायला गेलो तर कव्हरचा माथा ओटीखाली दहा मिलिमीटरवर. जोडपट्टीत उतरवायला कव्हर आधी वीसेक मिलिमीटर वर उचलावं लागतं. ते वर जाणार कुठे? शेवटी रंगवलेलं कव्हर खालून कापलं.

तेव्हा टांगणीची कोणतीही पद्धत घ्या, आधी ‘उचल’ मोजा. लाकडी तिरकी पट्टी तिच्या जाडीइतकी तरी उचल मागते. पातळ ॲल्युमिनियमच्या, एकमेकींत अडकणाऱ्या पट्ट्या आणि कुलपाच्या भोकासारख्या खाचेच्या पट्ट्या यांना साधारण दहा-बारा मिलिमीटर पुरतात. नेमका आकडा घेतलेल्या पट्टीवर मोजूनच ठरवा. वर तेवढी जागा नसेल तर उभं कव्हर आणि पुढे ओढायची पद्धत हाच मार्ग.

कुलपाच्या भोकासारख्या खाचेच्या पट्ट्या मी घेऊन ठेवल्या आहेत. वापरू का?

वापरा, पण संयम ठेवून. भिंतीतल्या स्क्रूचं डोकं खाचेच्या रुंद भागात घालायचं आणि कव्हर खाली सरकवायचं, एवढंच यात आहे. त्रास दोन. स्क्रूचं डोकं भिंतीपासून नेमकं किती बाहेर हवं ते प्रत्येक स्क्रूला वेगळं जुळवावं लागतं, अर्धा फेरा कमी-जास्त झाला की कव्हर डुगडुगतं किंवा बसतच नाही. आणि भोकं एक-दोन मिलिमीटर चुकली तर दुरुस्तीला जागा नसते. चार पट्ट्या वापरल्यात तर चारही एकाच वेळी जुळायला नशीब लागतं. दोनच वापरा, वर, आणि खाली टेकायला नमद्याचे तुकडे लावा.

भोकांची जागा भिंतीवर अचूक कशी उतरवायची?

डोकं छाटलेला खिळा. कव्हरच्या ज्या बिंदूसमोर भोक हवं, तिथे छोटा खिळा अर्धा ठोका, त्याचं डोकं पकडीने तिरकं छाटा म्हणजे टोक तयार होतं. कव्हर जागेवर आणून भिंतीला हलकेच दाबा. भिंतीवर बारीक टोचा उमटतो. कागदाचा साचा, मापं, गुणाकार यांपेक्षा हे मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण इथे आकडा मध्ये येत नाही.

भिंतीत काय वापरायचं?

ते भिंत काय आहे यावर. बोटाच्या पेराने ठोकून ऐका.

भरीव वीट किंवा काँक्रीट असेल तर ६ मिमीचं भोक, त्यात प्लग (स्क्रूला धरणारी प्लास्टिकची नळी) आणि साडेचार मिलिमीटरच्या आसपासचा स्क्रू. लांबी हिशेबाने घ्या: पट्टी २५, वरचं प्लास्टर १५ आणि मग विटेत शिरायला किमान ३० ते ३५. म्हणजे ७० मिमीचा स्क्रू. प्लग पूर्ण विटेत गेला पाहिजे. तो प्लास्टरमध्येच राहिला तर पकड लागल्यासारखी वाटते आणि पहिल्या धक्क्याला पापुद्रा निघतो. भोकाखाली कागदी पाकीट दुमडून चिकटवलं तर भुकटी त्यात पडते.

पोकळ वीट किंवा ठोकळा असेल तर ड्रिलचा हातोड्यासारखे ठोके देणारा खटका बंद करा, नाहीतर आतल्या भिंती फुटतात आणि भोक विहिरीसारखं होतं.

जिप्समच्या पोकळ भिंतीत मागचा उभा लाकडी किंवा पत्र्याचा खांब शोधा. ते बहुधा ४०० किंवा ६०० मिमी अंतरावर असतात, आणि तुमच्या पट्टीच्या जागी मात्र हटकून नसतात. मग पोकळीत उघडणारे, मागून पंख पसरणारे अँकर. उभ्या कव्हरला हे छान पुरतात. टांगलेल्या कव्हरला मी अशा भिंतीवर खांबाशिवाय हात लावत नाही.

भिंतीत पाइप असला तर?

असतोच, असं धरून चाला. रेडिएटरला पाणी कुठूनतरी येतं. व्हॉल्व्हला जोडलेला पाइप फरशीतून वर येताना दिसत असेल तर ठीक. तो भिंतीतून बाहेर येत असेल तर व्हॉल्व्हच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच पातळीत आडवं भोक पाडू नका. विजेच्या तारांचंही तसंच: सॉकेटच्या किंवा स्विचच्या सरळ उभ्या-आडव्या रेषेत त्या असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. धातू आणि तार शोधणारं यंत्र फिरवाच.

यंत्राखेरीज एक युक्ती. घर पूर्ण गार असताना हीटिंग सुरू करा आणि पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत तळहात भिंतीवर फिरवत राहा. पाइप वरवर असेल तर भिंतीवर एक कोमट रेघ उमटते. पेन्सिलने ती आखून घ्या. थोड्या वेळाने उष्णता पसरते आणि रेघ हरवते.

आणि स्क्रू पाइपात गेलाच तर तो उपसू नका. तो बुचासारखा अडकलेला असतो. हीटिंग बंद करा, यंत्रणेत पाणी भरणारा नळ बंद आहे ना ते बघा, खाली भांडं ठेवा आणि प्लंबरला बोलवा.

स्कर्टिंगमुळे कव्हर भिंतीला लागत नाही.

बाजूच्या फळ्यांच्या खालच्या मागच्या कोपऱ्यात स्कर्टिंगच्या आकाराची खाच कापा. आधी पुठ्ठ्यावर कापून बघा. भिंत पोट काढलेली असेल तर कव्हर जमेल तितकं जवळ उभं करा, पेन्सिल आणि ठोकळा एकत्र धरून भिंतीला घासत वरपासून खालपर्यंत ओढा. भिंतीचा आकार जसाच्या तसा फळीवर उतरतो. मग रंध्याने किंवा पॉलिशपेपरने त्या रेघेपर्यंत जा. मागच्या कडेला पातळ नमदा चिकटवला तर उरलेली बारीक फट बुजते आणि भिंतीचा रंगही खरवडत नाही.

कव्हर लावल्यावर खोली कमी तापेल ना?

थोडी, हो. किती, ते हवेच्या वाटेवर ठरतं. नाव ‘रेडिएटर’ असलं तरी पन्हळी पत्र्यांचा पॅनेल रेडिएटर उष्णता मुख्यतः हवेतूनच देतो: खालून गार हवा शिरते, आत तापते, वरून निघते. म्हणून पुढची जाळी नक्षीदार असण्यापेक्षा खालची आणि वरची वाट मोकळी असणं महत्त्वाचं. खाली कव्हरच्या पूर्ण रुंदीभर ८० ते १०० मिमी उघडं ठेवा. वरची फळी बंद हवी असेल तर जाळी अगदी फळीला टेकेपर्यंत वर न्या. जाळीच्या वर १०० मिमीची शोभेची पट्टी ठेवली की तिच्यामागे गरम हवेचा कप्पा साचतो आणि वरची फळी भाजून निघते. फळीच्या खाली पत्र्याची किंवा चकचकीत कागद लावलेली तिरकी पट्टी बसवली तर हवा पुढे वळते.

रेडिएटरपासून पुढे ३० मिमी, वर किमान ५० मिमी आणि ज्या बाजूला व्हॉल्व्ह आहे तिथे हात जाईल एवढी जागा, हे मी धरून चालतो. भिंत बाहेरची असेल तर कव्हर काढलेलंच आहे तोवर रेडिएटरमागे उष्णता परतवणारा चकचकीत थर लावून घ्या.

उष्मापंपावर (हीट पंपवर) चालणारी व्यवस्था असेल तर दोनदा विचार करा. तिथलं पाणी ४५-५० अंशांच्या आसपासच असतं, रेडिएटर मुळातच मापून-मोजून बसवलेला असतो, त्यामुळे कव्हरने झालेली थोडी घटही जाणवते.

कव्हर लावल्यापासून रेडिएटर लवकर बंद होतो. खोली गारच राहते.

व्हॉल्व्हवर आकडे असलेली गोल मूठ आहे ना? ती शेजारच्या हवेचं तापमान बघून पाणी कमी-जास्त करते. कव्हरच्या आत ती गरम हवेत बसली आहे, तिला वाटतं खोली तापली. मूठ बाहेर येईल असं भोक ठेवा, किंवा लांब नळीने जोडलेला बाहेरचा संवेदक असलेली मूठ बसवून घ्या. भोक ठेवणार असाल तर लक्षात घ्या, त्या बाजूची फळी मुठीवरून सरळ पुढे निघाली पाहिजे. म्हणजे भोक नव्हे, मागच्या कडेपर्यंत उघडी खाच.

घरात लहान मुलं आहेत. चुंबकांवर विसंबू का?

नाही. वरच्याच मापाचं कव्हर घ्या. मागे पाठ नसल्याने त्याचा सगळा भार पुढे असतो, आणि ते पुढच्या खालच्या कडेवर कलंडायला माथ्यापाशी साधारण एक किलोची ओढ पुरते. उभं राहायला शिकणारं मूल जाळीत बोटं घालून याहून कितीतरी जास्त ओढतं.

चुंबकांसोबत प्रत्येक पट्टीच्या वरच्या टोकाला एक कडी-कोयंडा किंवा फिरती आडणी लावा. मोठ्या माणसाचा हात वरच्या जाळीतून किंवा खालच्या फटीतून पोचेल, मुलाचा पोचणार नाही, अशा जागी. मिनिटाच्या कसोटीत दहा सेकंद वाढतील, वाढू देत. जाळीची भोकंही अशी निवडा की मुलाचं बोट आत अडकणार नाही. आणि कव्हरवर कुणी ना कुणी बसणार, हे गृहीत धरून वरच्या फळीखाली दोन आधार द्या.

एमडीएफ, प्लायवुड की लाकूड?

एमडीएफ. ते सरळ राहतं, रंग छान घेतं. कापलेल्या कडा मात्र पाणी आणि रंग शोषतात, त्यांना आधी अस्तर द्या, खालच्या कडेला तर दोनदा. अखंड लाकडाची रुंद फळी रेडिएटरवर वर्षभरात वाकते किंवा तडकते. लाकूडच हवं असेल तर अरुंद पट्ट्यांची चौकट करा. पांढरा रंग पाण्यावर आधारित घ्या, तेलाचा उष्णतेने पिवळा पडतो. आणि रंग पूर्ण सुकू द्या. अर्धवट ओल्या रंगाचं कव्हर भिंतीला लावलं तर ते भिंतीला चिकटतं.

रेडिएटर दोन मीटर लांब आहे. एवढं कव्हर एकटा कसा काढणार?

काढू नका. बाजू आणि वरची फळी एक, पुढची जाळीची चौकट वेगळी. चौकट खाली दोन खुंट्यांवर टेकते आणि वर गोळीच्या खटक्यांनी किंवा चुंबकांनी धरली जाते. रोजचं काम फक्त चौकट काढून होतं. मागचा सांगाडाही आतून स्क्रूने जोडा, म्हणजे रेडिएटर बदलायची वेळ आली तर तोही सुटतो.

भाड्याचं घर आहे, भिंतीला भोक पाडता येत नाही. चिकटपट्टी चालेल?

रेडिएटरजवळ नाही. गोंदाची गोष्ट वर सांगितलीच. कव्हर जास्त खोल करा, पायाला मागे वजन द्या आणि त्यावर काही ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर भोकांची परवानगी मागा. मिळाली नाही तर कव्हर राहू द्या.

रेडिएटरवर उष्णता मोजणारं छोटं यंत्र चिकटवलेलं आहे.

इमारतीचा खर्च त्यावर वाटला जात असेल तर कव्हरआधी व्यवस्थापनाला विचारा. बंद जागेत असं यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकतं, आणि तो बहुधा तुमच्या खिशाला महाग पडणारा असतो.

विजेच्या हीटरवर असंच कव्हर करता येईल का?

नाही. त्यावर ‘झाकू नये’ लिहिलेलं असतं ते आगीसाठी.

कव्हर थेट रेडिएटरलाच अडकवलं तर भिंतीचं काम वाचेल?

वाचेल, पण रेडिएटर तापताना-निवताना प्रसरण पावतो, आकुंचतो, आणि प्रत्येक वेळी कव्हर टकटक करतं. रेडिएटरचे ब्रॅकेटही स्वतःचं आणि पाण्याचं वजन पेलायला बसवलेले असतात. तुमची पंधरा किलोंची पेटी त्यांच्या हिशेबात नसते.

आता सगळं बसलं, पण रात्री टिकटिक येते.

पाइप जिथे कव्हरच्या फळीतून जातो तिथे बघा. तो लाकडाला घासत असेल. पाइपाभोवती सगळीकडून १० मिमी मोकळं हवं. तिथे मोकळं असेल तर वॉशर आणि चुंबक यांच्यामध्ये कागदाची एक घडी सरकवून एक रात्र ऐका. आवाज थांबला तर ठोकळा केसभर मागे घ्या.

काढताना धरायचं कुठे? गुळगुळीत पेटीला पकडच नाही.

वरची फळी पुढे २० मिमी बाहेर काढा आणि तिच्या खालच्या बाजूला बोटं रुततील अशी उथळ पन्हळ पटाशीने पाडा, दोन्ही टोकांपासून वितभर आत. बाहेरून दिसत नाही. अंधारात चाचपडत गेलात तरी सापडते.